ऊर्मिला की उर्मिला?

गेल्या श्रावणात आमच्या घरी पाळणा हलला. बाराव्या दिवशी बारसे झाले, आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्रर्र करून 'ऊर्मिला' हे नाव सांगितले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि पाळणे म्हणता म्हणता आम्हा बायकांचे गळे बसले. सारे कसे यथासांग पार पडले. दुसऱ्या दिवशी चिरंजीव जन्मनोंदणीचा कागद घेऊन बसले आणि त्यांनी विचारले, "आई, यातला उ पहिला की दुसरा?"

झाले! घरात दोन तट पडले. आत्याबाईंनी आयुष्यभर 'उर्मिला' असेच वाचलेले. सूनबाईंचे म्हणणे, 'ऊर्मी' म्हणजे लाट, तो शब्द दीर्घ आहे, तेव्हा नावही दीर्घच हवे. समोरच्या काकू दळण घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "एका उकारानं काय होते वो बाई? पोरगी तर तेच राहते!" काकूंचे म्हणणे तसे खोटे नाही, परंतु एका उकाराने काय होते हे आमच्या घराने एकदा चांगलेच अनुभवले आहे. ते पुढे सांगतेच. आपल्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी 'वर्ध्याचे काही जुने' लिहावयास सांगितले होते. त्या निमित्ताने हा नावाच्या अक्षरांचा इतिहासच भगिनींपुढे मांडावा, असे मनात आले.

आपल्या पणज्यांच्या काळी ही पंचायत नव्हती. एक तर मोडी लिपीत वेलांटी एकच आणि उकारही एकच. 'सीता' लिहा की 'सिता', 'ऊर्मिला' लिहा की 'उर्मिला', कागदावर एकच आकृती उमटावयाची. आणि दुसरे असे की, नोंदीत मुलीचे नाव येईच असे नाही. मध्य प्रांतात गावोगावी जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत होत असे. त्या नोंदींत बापाचे नाव असते, जात असते, आणि पुढे नुसते 'मुलगी झाली' एवढेच कितीदा तरी वाचावयास मिळते. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच वह्यांच्या नकला काढतात आणि त्या ओळीतली मुलगी म्हणजे आपली आजी की तिची थोरली बहीण, याचा तर्क करीत बसतात. नाव कसे लिहावे हा वाद होण्यासाठी आधी नाव लिहिले जावे लागते!

आता खास वर्ध्याची गोष्ट. आपले गाव 1956 सालच्या नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात होते. बाजारात वऱ्हाडी, घरात मराठी आणि कचेरीत मराठीबरोबर हिंदी, असा आपला संसार. त्यात 1936 साली राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे स्थापन झाली आणि हिंदीच्या परीक्षांचे वर्धा हे केंद्रच बनले. हिंदीत 'शान्ति', 'ज्योति', 'हरि' असे ऱ्हस्व लिहितात. आपण 'शांती', 'ज्योती', 'हरी' असे दीर्घ लिहितो. एकाच मुलीचे नाव मराठी शाळेच्या हजेरीपटावर एक आणि हिंदी परीक्षेच्या प्रमाणपत्रावर दुसरे, हा प्रकार आपल्याकडे अनेक घरांत झालेला आहे.

पण एवढ्यावर भागले नाही. 1935 साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष महात्माजी होते. तेथे नागरी लिपी सुधारण्याचा विषय निघाला आणि ते काम काकासाहेब कालेलकरांकडे आले. काकासाहेब जन्माने सातारचे, लेखनाने गुजरातीत इतके रमलेले की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत, आणि हिंदीच्या प्रचारासाठी येऊन राहिले वर्ध्याला! त्यांच्या सुधारणेत सर्वांत नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे अ-ची बाराखडी. 'क'ला वेलांटी दिली की 'कि' होते, उकार दिला की 'कु' होतो. मग तोच नियम 'अ'ला का लावू नये? इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरे काढून टाकावीत आणि अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे. शिकणाऱ्याला सोपे, टंकयंत्राला सोपे, आणि छापखान्यातील जुळाऱ्याच्या पेटीतले खिळेही तेवढे कमी. समितीची पुस्तके याच लिपीत छापली जाऊ लागली. इकडे सावरकरांनीही लिपिशुद्धीच्या चळवळीत हीच बाराखडी पुरस्कारली होती आणि किर्लोस्करांच्या मासिकांतून ती मराठी घरांत पोचली होती. एरवी ज्यांची तोंडे दोन दिशांना, ती माणसे या एका 'अु'वर एकत्र आलेली पाहून मौज वाटते.

तेव्हा 1940च्या सुमारास वर्ध्यात कोणा मुलीचे बारसे झाले असते, तर तिच्या नावाला दोन नव्हे, चार रूपे उपलब्ध होती : ऊर्मिला, उर्मिला, अूर्मिला आणि अुर्मिला. 'इंदिरा'ची 'अिंदिरा', 'उषा'ची 'अुषा' व्हावयाची. ही लिपी टिकली नाही. संयुक्त प्रांताच्या सरकारने 1947 साली आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने अ-ची बाराखडी मान्य केली नाही, आणि हळूहळू पुस्तकांतूनही ती गेली. पवनारला विनोबांनी 'लोकनागरी' या नावाने लिपिसुधारणेचा विचार पुढे चालविला, तो मात्र त्यांच्या परिवारापुरताच राहिला. माझे मत विचाराल तर बाराखडीची कल्पना तर्काला धरून होती. परंतु माणसाला आपले नाव डोळ्यांनी ओळखावयाचे असते, तेथे तर्काचे चालत नाही.

आमच्या सासूबाईंचे नाव उषा. लग्नात माहेरून मिळालेल्या पितळेच्या गुंडावर नाव घातलेले आहे 'अुषा'. मामंजी खादी वापरणारे, नव्या लिपीचे भोक्ते. त्यांनी नोकरीच्या कागदांत वारस म्हणून पत्नीचे नाव स्वहस्ते लिहिले तेही 'अुषा' असेच. 1981 साली मामंजी गेले. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन सासूबाई कचेरीत गेल्या, तर तेथील कारकून म्हणाले, "वारस अुषा आहे, तुम्ही तर उषा. ही बाई कोण?" त्या तरुण माणसाने ती लिपी जन्मात पाहिली नव्हती, त्याला तरी काय दोष द्यावा? पण सात महिने पैसा हाती आला नाही. 'अुषा आणि उषा ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे' असे प्रतिज्ञापत्र त्या माउलीने तहसिलीत उभे राहून करून दिले. घरी आल्यावर म्हणाल्या, "पन्नास वर्षे या नावाने हाक ऐकली, आज सही करून सांगावे लागले." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

अक्षराची अशी गफलत माणसांचीच होते असे नाही. महात्माजी 1936 साली ज्या खेड्यात राहावयास गेले, ते सेगाव. बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेच्या वाटेवर, गजानन महाराजांचे शेगाव. 'स' आणि 'श' यांच्या घोळात टपाल भलतीकडे जाऊ लागले, आणि शेवटी 1940 साली आपल्या सेगावचे 'सेवाग्राम' झाले. गांधीजींच्या पत्रांची ही गत, तेथे तुमच्याआमच्या अर्जांचे काय घेऊन बसलात!

मराठीपुरता निर्णय 1962 साली झाला. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले, 1972 साली त्यांत आणखी चारांची भर पडली. या महामंडळात आपला विदर्भ साहित्य संघही आहे. व्यक्तिनामांच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ, हा नियम तेव्हापासूनचा. आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत शेवटचे अक्षर सोडून बाकीची ऱ्हस्वदीर्घे मुळाप्रमाणे. त्या हिशेबाने 'ऊर्मिला' हेच शुद्ध ठरते. सूनबाई जिंकल्या म्हणावयाचे! मात्र 'उर्मिला' नावाच्या बाईने काही आता नाव बदलावयाचे कारण नाही. ज्या रूपाने दाखले निघाले, ते तिचे नाव.

चिरंजीवांची घाई मला आधी समजेना. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावयाची असते, परंतु बाळाचे नाव मागाहूनही घालता येते. बारा महिन्यांपर्यंत त्याला काही शुल्क नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. मग त्यांनी सांगितले की, नव्या दुरुस्तीनुसार 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत आणि विवाहनोंदणीपासून सरकारी नोकरीपर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा. पुढे चूक सापडली तर नोंदवहीतील मूळ अक्षर खोडता येत नाही. दुरुस्ती समासात लिहून निबंधकाने सही करावयाची. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव. कोतवालाच्या वहीपासून येथवर आपण आलो याचा मला आनंद आहे. पण त्याबरोबर आईच्या नावातली वेलांटीही लेकीच्या कागदावर चढली. आमच्या सूनबाईंचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'किर्ती' आणि लग्नाच्या दाखल्यावर 'कीर्ती' आहे, हे त्या संध्याकाळी प्रथमच ध्यानात आले. आधी त्यांचे कागद सारखे करून घेतले, मगच बाळाचा अर्ज गेला. ज्या भगिनींच्या घरी लेकीसुना बाळंतपणासाठी यावयाच्या असतील, त्यांनी आधी ही पिशवी उघडून पाहावी.

इंग्रजी अक्षरांचा आणखी वेगळाच गोंधळ. तेथे ऱ्हस्वदीर्घ नाही, म्हणून कोणी 'गीता'ला एक आय लावतो, कोणी दोन ई. हल्ली कोणी आकडेशास्त्री सांगतो म्हणून नावात एखादा ए जास्तीचा घुसवितात. आम्ही 'यू'ने सुरुवात केली आणि तेथेच थांबलो.

अर्ज देऊन आल्यावर नातीसाठी चांदीची वाटी घ्यावयास सराफ्यात गेलो. नाव घालणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने हातातले लेखणीसारखे हत्यार थांबवून विचारले, "आजी, पहिला का दुसरा?" मी पिशवीतून दाखल्याची नकल काढून त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, अक्षर नीट पाहिले आणि 'ऊ' कोरला. सासूबाईंचा गुंड अजून घरात आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाला पन्हे त्यातूनच येते; यंदा वाढताना त्यावरचे नाव अवश्य पाहावे.