धुराड्यात कोण शिरणार?

परवा एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. एसीचे डक्ट साफ करायचं काम तो करतो. एकटाच. ब्रश, व्हॅक्यूम, शिडी, सगळं स्कूटरवर. आता कामं हाताबाहेर चाललीत, दोन-तीन टीम उभ्या करायच्या आहेत, तर "इतिहासात असं काही सापडतं का हो?" असं त्याने अर्धवट गमतीत विचारलं.

सापडतं. भरपूर सापडतं. पण ते फारसं गमतीचं नाही.

डक्ट म्हणजे शेवटी काय, तर भिंतीतून, छतातून जाणारी हवेची वाट. आत घाण साठते आणि घरमालकाचा हात तिथवर पोचत नाही. या कामाचं जुनं रूप म्हणजे धुराडं साफ करणं. आपल्याकडे 'चिमणी' म्हटलं की आधी पक्षी आठवतो, मग गिरणीची उंच नळी. लंडनमध्ये मात्र घराघरांत चिमणी होती, आणि एका घरात एक नव्हे, प्रत्येक शेगडीची वेगळी.

१६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडन विटांचं झालं आणि कोळशावर तापू लागलं. कोळशाची काजळी चिकट असते, साठली की पेट घेते. म्हणून धुराडं वरचेवर खरवडावं लागे. आणि ते किती रुंद? बरीचशी नऊ इंच बाय चौदा इंच, काही तर नऊ बाय नऊ. हातातला मोबाइल उभा धरा. त्याच्या दीडपटीपेक्षाही थोडी कमी रुंदी. त्यात वळणं, कोपरे, मध्येच आडवा तुकडा. मोठा माणूस आत जाणार कसा?

इथेच या धंद्याचं गणित सुरू होतं. एकटा कारागीर दारोदार फिरून गिऱ्हाईक मिळवायचा. त्याचं उत्पन्न दुहेरी होतं: घरमालक सफाईचे पैसे देई, आणि निघालेली काजळी शेतकरी खत म्हणून विकत घेत. माल फुकट, वर तो उचलायचे पैसे. आजच्या कुठल्याही स्टार्टअपवाल्याने हेवा करावा असा धंदा. पण जास्त धुराडी हवीत तर आत शिरणारी जास्त शरीरं हवीत, आणि तीही बारीक. त्यामुळे या धंद्यातली पहिली 'भरती' बहुतेक वेळा लहान मुलाची असे.

मुलं मिळायची कुठून? गरीब आईबापांकडून, आणि पॅरिशकडून, म्हणजे गोरगरिबांचा खर्च चालवणाऱ्या स्थानिक चर्चवस्तीकडून. अनाथ मूल कुणी शिकाऊ म्हणून नेलं तर पॅरिशच नेणाऱ्याला काही पौंड देई. लक्षात घ्या, कामगार ठेवायचा आणि वर त्याबद्दल पैसे घ्यायचे! मुलाला पगार नाही. खाणं, आणि झोपायला काजळीचीच पोती. अशी चार-पाच मुलं झाली की मास्टर त्यांच्यावर एक 'जर्नीमन' नेमायचा. आपल्या भाषेत मुकादम. पहाटे हा मुकादम मुलं घेऊन निघे आणि मास्टर गिऱ्हाइकं सांभाळे. दोन मुकादम, दोन टोळ्या. झाली की मल्टिपल टीम. त्यात मास्टरने स्वतः कधी धुराड्यात डोकं घालायची गरजच उरत नसे.

मुलांना कसं तयार करायचे तेही सांगतो, कारण ते टाळलं तर बाकीचं खोटं वाटेल. १८६३ च्या सरकारी चौकशीत एका मास्टरनेच माहिती दिली: कोपर-गुडघ्यांची कातडी निबर व्हावी म्हणून तिथे कडक मिठाचं पाणी चोळायचं, जळत्या शेगडीजवळ बसवून. मूल रडलं तर काठी. वर चढताना पाय घसरून गुडघे हनुवटीला टेकले की मूल अडकायचं, आणि कधीकधी गुदमरून जायचं. जी वाचली त्यांच्यातल्या काहींना पुढे अंडकोशाचा कॅन्सर झाला. पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ मध्ये त्याचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या कामामुळे कॅन्सर होतो असं दाखवणारी ही अगदी सुरुवातीची नोंद आहे.

आता एक माणूस भेटवतो, डेव्हिड पोर्टर. हा धंद्यातलाच, मास्टर. लंडनच्या एलिझाबेथ मॉन्टेग्यू या श्रीमंत बाईंच्या घरची धुराडी तो करायचा. त्या दर वर्षी मे महिन्याच्या एक तारखेला या मुलांना जेवण घालायच्या. पोर्टर इतका वर आला की पुढे बांधकामात पडला आणि १८१० नंतर त्याने एक अख्खा चौक उभा केला, त्याला बाईंचं नाव दिलं: मॉन्टेग्यू स्क्वेअर. बीटल्सच्या रिंगो स्टारने ज्या चौकात फ्लॅट घेतला होता आणि जिमी हेंड्रिक्स, जॉन लेनन जिथे राहिले, तोच हा चौक. मला पोर्टर आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. मुलांच्या बाजूने कायदा व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत हा मास्टर स्वतः होता. आपल्याच धंद्याला वेसण घाला म्हणणारा धंदेवाला किती वेळा भेटतो?

१७८८ मध्ये कायदा आला. आठ वर्षांखालचं मूल नको, आणि एका मास्टरकडे सहापेक्षा जास्त शिकाऊ नकोत. म्हणजे टोळी किती मोठी करायची यालाच मर्यादा! फक्त ती तपासायला कुणीच नव्हतं. परवान्याची कल्पना आधीच गळाली होती.

पण मग मशीन नव्हतं का? होतं, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्टने पोकळ नळ्या एकात एक बसवून टोकाला ब्रश लावलेलं यंत्र केलं. १८२८ मध्ये ब्रिस्टलच्या जोसेफ ग्लासने वाकणाऱ्या वेताच्या काठ्यांचं त्याहून सोपं यंत्र आणलं. तरी मुलं चढतच राहिली. का? श्रीमंतांना धुराड्यातली वळणं मोडून घ्यायची नव्हती. नोकर म्हणत, यंत्राने गालिचे काळे होतात. आणि मास्टरचा हिशेब सरळ होता: यंत्र चालवायला मोठा माणूस लागतो आणि मोठा माणूस पगार मागतो. १८१९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बंदीचं विधेयक फेटाळलं. १८३४ चा कायदा, १८४० चा कायदा (यात तर एकवीस वर्षांखालच्या कुणीही चढायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं), १८६४ चा कायदा. कागद वाढत गेले.

फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न इथल्या मनोरुग्णालयात अकरा वर्षांचा जॉर्ज ब्रूस्टर धुराड्यात अडकला. भिंत फोडून बाहेर काढला, पण थोड्याच वेळात तो गेला. त्याचा मास्टर विल्यम वायर याला सक्तमजुरीची सहा महिन्यांची शिक्षा झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी ही घटना धरून त्याच वर्षी नवा कायदा करून घेतला. त्यात नवं काय होतं? यंत्र नवं नव्हतं, वयाची अट नवी नव्हती. नवा होता तो पोलिसांकडून दर वर्षी घ्यायचा परवाना. मूल चढवलं तर आता नुसता दंड नाही, रोजीरोटीवरच गदा. पोलिसांची नजर आली, आणि ज्या मास्टरांना इतकी वर्षं काठ्या-ब्रश परवडत नव्हते त्यांना ते अचानक परवडायला लागले. धंदा बुडाला नाही. टोळ्या राहिल्या, फक्त धुराड्यात माणसाऐवजी काठी गेली.

तीच वाकणारी काठी आणि टोकाचा ब्रश आजही डक्टमध्ये फिरतात, सोबत मोटर आणि मोठा व्हॅक्यूम. अमेरिकेत या धंदेवाल्यांची संघटना १९८९ ला झाली. (तिथल्या पर्यावरण खात्याचं म्हणणं असं की डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही. तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, जाहिरातीत जरा जपून.)

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर गटारं आणि सेप्टिक टँक आठवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. सक्शनच्या गाड्याही आहेत. तरी माणसं उतरतात, कारण मूळ कंत्राटदाराखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, आणि आत उतरणारा नेमका कुणाचा माणूस हे विचारलं की प्रत्येक जण खाली बोट दाखवतो. वायरच्या बाबतीत ती सोय नव्हती. मुलगा त्याचा शिकाऊ होता आणि मास्टर तो होता.

मॉन्टेग्यू स्क्वेअरला लेननच्या नावाची निळी पाटी आहे. ब्रूस्टरच्या नावाची फुलबोर्नला २०२५ मध्ये लागली, दीडशे वर्षांनी.