व्ही. शांताराम व व्हॅलेरियन ग्रेशियस : पूर्वायुष्य आणि प्रारंभीची कारकीर्द

शांताराम राजाराम वणकुद्रे ऊर्फ व्ही. शांताराम (१९०१–१९९०) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक, तर व्हॅलेरियन ग्रेशियस (१९००–१९७८) हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप होत. जवळपास एकाच वयाचे हे दोघेही मुंबईबाहेर जन्मले. दुसऱ्यांच्या हाताखाली दीर्घ उमेदवारी केल्यानंतर दोघांच्याही हाती स्वतंत्र कारभार आला, तो मुंबईत. शांताराम यांचे ‘राजकमल कलामंदिर’ लालबागला लागून असलेल्या परळमध्ये, गिरणगावात उभे राहिले.

शांताराम यांचा जन्म कोल्हापूरचा. शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात आणि चित्रपटगृहात त्यांनी पडेल ते काम केले. १९२० च्या सुमारास ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे कामाची वाटणी ठरलेली नसे. झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सर्व काही अंगावर घ्यावे लागे. शांताराम यांची खरी शाळा हीच म्हणावी लागेल. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची भूमिका केली, तर ‘नेताजी पालकर’ (१९२७) पासून ते दिग्दर्शनाकडे वळले.

१९२९ मध्ये विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. शिवकालावरील ‘स्वराज्याचे तोरण’ या मूकपटाच्या नावातील ‘स्वराज्य’ हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला खटकला आणि तो ‘उदयकाल’ (१९३०) या नावाने प्रदर्शित करावा लागला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटानंतर कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. जरठ-कुमारी विवाहावरील ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि हिंदू-मुस्लिम सलोख्यावरील ‘शेजारी’ (१९४१) हे तेथील चित्रपट त्यांच्या नंतरच्या भव्य, रंगीत चित्रपटांपेक्षा सरस मानावेत असेच आहेत.

१९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी परळला वाडिया मूव्हीटोनच्या जागेत राजकमलची उभारणी केली. संस्थेच्या नावात वडील राजाराम व आई कमल यांची नावे गुंफलेली आहेत. याच संस्थेच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला. खुनी कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा.

ग्रेशियस यांचा जन्म कराचीतील गोमंतकीय कुटुंबात झाला. मंगळूर व कँडी येथील धर्मविद्यालयांत शिकून १९२६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढील अध्ययनासाठी रोमला गेले. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या आर्चबिशपांचे चिटणीस म्हणून काम केले, ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिकही सांभाळले. त्या काळी आर्चबिशपपदी आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्तीची नेमणूक होत असे. कितीही कर्तबगार असला तरी भारतीयाला ते पद मिळणे शक्य नव्हते. १९४६ मध्ये ग्रेशियस साहाय्यक बिशप झाले. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी हे पद भारतीयाकडे जावे असा आग्रह धरला होता आणि त्यासाठी ते स्वतः पायउतार झाले. पोर्तुगालने १९५० मध्ये आपला हक्क सोडल्यावर त्याच वर्षी ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये त्यांना कार्डिनल करण्यात आले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.