विश्वास आणि जाब

सरकारी अधिकारी वाममार्गाला का लागतो, असे विचारले की आपण चटकन म्हणतो : पगार पुरत नाही म्हणून. हैदराबादचा इतिहास पाहिला तर या उत्तरात अर्धेच सत्य आहे, असे दिसून येते.

१८५३ साली पहिले सालारजंग निजामाचे दिवाण झाले, तेव्हा संस्थानाचा खजिना रिता होता. कर्जापायी त्याच वर्षी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला होता. तालुक्यांचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराने सरकारात आगाऊ रक्कम भरावी आणि ती रयतेकडून सव्याज काढून घ्यावी, अशी रीत होती. उद्या मक्ता आपल्याकडे राहील याची ज्याला शाश्वती नाही, तो आज रयतेला ओरबाडल्यावाचून कसा राहील? सालारजंगांनी हे मूळ ओळखले. त्यांनी मक्ते मोडून पगारी तालुकदार नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी करून कारभाराची घडी बसविली.

१८८३ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. त्याच सुमारास चांद्यापर्यंत रेल्वे नेण्याचे काम एका इंग्रजी कंपनीकडे सोपविण्याचे घाटत होते. योजनेचा तपशील लोकांपुढे ठेवावा, अशी मागणी शहरातील काही सुशिक्षितांनी केली. त्यांत विद्वान अध्यापक अघोरनाथ चट्टोपाध्याय अग्रभागी होते. सरोजिनी नायडू या त्यांच्या कन्या. सरकारने तपशील दिला नाही. उलट मे महिन्यात अघोरनाथांनाच हद्दपार केले.

पुढे १८८६ साली खाणींचे हक्क वॉट्सन व स्ट्यूअर्ट या दोघांना मिळाले. त्यांनी काढलेल्या कंपनीचे दहा पौंडांचे एक लाख भाग होते. त्यांपैकी ८५,००० भाग पूर्ण भरणा झालेले म्हणून हक्कदारांच्याच पदरात पडले. निजाम सरकारतर्फे व्यवहार पाहणारे होम सेक्रेटरी सरदार अब्दुल हक हे आतून त्यांचे वाटेकरी होते. त्यांनी सरकारासाठी १०,००० भाग बारा पौंडांच्या दराने घेतले. ते बाजारातून घेतल्याचे भासविले गेले. वस्तुतः ते त्या फुकटच्या भागांपैकीच होते. १८८८ साली हे उघडकीस आले. अब्दुल हक निलंबित झाले आणि ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली.

येथे उपासमारीचे निमित्त सांगता येत नाही. एका सेवकाने दोन धन्यांची चाकरी पत्करली. विकणाराही तोच आणि सरकारच्या वतीने घेणाराही तोच. त्याच्यावरील विश्वासाला हिशेबाची जोड नव्हती, आणि जाब विचारण्याचे धैर्य केल्यास काय भोगावे लागते, हे शहराने तीन वर्षांपूर्वीच पाहिले होते.

सालारजंगांनी अधिकाऱ्याला पोटाच्या चिंतेतून सोडविले, हे त्यांचे थोर कार्य. परंतु पगार ठरविणे हे सरकारचे काम असले, तरी जाब विचारणे हे नागरिकांचे काम आहे. विचारणाऱ्याला जेथे शिक्षा होते, तेथे चांगला अधिकारीही फार काळ चांगला राहील, असा भरवसा कोणी धरू नये.