गोळी, अंगठा आणि सराव

'काम्पोज' हा शब्द आपल्या आई-आजीच्या पिढीला चांगलाच ठाऊक. घरात काही वाईट घडलं की कुणीतरी म्हणायचंच, "एक काम्पोज द्या, जरा झोप लागेल." काम्पोज म्हणजे डायझेपाम, तिकडचं व्हॅलियम. तिचं मूळ मात्र अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या नटली गावचं.

तर झालं असं, की तिथे हॉफमन-ला रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी केलेली बरीच संयुगं निरुपयोगी ठरली आणि काम गुंडाळलं गेलं. १९५७ मध्ये प्रयोगशाळा आवरताना एक राहून गेलेलं संयुग सापडलं. टाकण्याआधी तपासून तर बघू, म्हणून पाठवलं. आणि काय! प्राणी शांत झाले, पण शुद्धीवर होते. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम बाजारात आलं आणि १९६३ मध्ये व्हॅलियम.

ही औषधं मेंदूत नेमकी कुठे जाऊन बसतात, हे कळायला १९७७ साल उजाडलं. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन पेशींना गप्प करतं. गाडीचा ब्रेकच म्हणा ना. गोळी तो ब्रेक आणखी घट्ट करते.

पण मंडळी, घाबरलेल्या पेशी गप्प होतात, तर शिकणाऱ्या पेशींचं काय?

२००० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कवटीवरून चुंबकीय ठोका दिला की अंगठा आपोआप एका दिशेला हलतो. निरोगी माणसांनी वेगळ्याच दिशेला अर्धा तास सराव केला, तर नंतर ठोक्याने अंगठा त्या नव्या दिशेला वळू लागतो. म्हणजे सरावाची खूण मेंदूत उमटते. याच कुळातली लोराझेपाम दिल्यावर मात्र ती खूण फारच पुसट झाली. सराव तोच, अंगठाही तोच!

त्याआधी १९८६ मध्ये, मेंदूला इजा झालेल्या उंदरांना डायझेपाम दिल्यावर त्यांची सुधारणा रखडल्याचं दिसलं होतं.

हे वाचून मला पक्षाघातानंतर घरोघरी चालणारे व्यायाम आठवले. मूठ उघड, मूठ मिट. हात नव्याने शिकत असतो, आणि रात्री झोपेसाठी म्हणून कधीकाळी सुरू केलेली गोळी तशीच चालू असते. ती परस्पर बंद मात्र करू नका, एकदम सोडली तर फिट्स येऊ शकतात. पण "हिची अजून गरज आहे का?" एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

गोळीला खलनायक ठरवायचं नाहीये. भीतीने जो अंथरुणातून उठतच नाही, तो सराव तरी कसा करणार? फक्त, शांतपणाची थोडी किंमत शिकण्याच्या खात्यातूनही वजा होते, हे माहीत असलेलं बरं.

असो. तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यात एकदा डोकावून बघा.