पासवर्डातलं मीठ

पुट्टी या टर्मिनल प्रोग्रामची किल्ली-फाइल मी एकदा सहज नोटपॅडमध्ये उघडली. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली ही पीपीके फाइल, पण तिच्या आत कोण कशाला डोकावेल? आत एक ओळ होती, ‘आर्गॉन2-सॉल्ट’, आणि तिच्यापुढे आकडे-अक्षरांची 32 चिन्हं. मीठ! किल्लीच्या फाइलीत मीठ कशाला? तेव्हापासून मी या शब्दाचं कूळ शोधतो आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेत पासवर्ड आले. ते जसेच्या तसे साठवलेले असत. 1962 मध्ये तिथल्याच ॲलन शेर यांनी पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली. पुढे युनिक्सने पासवर्डाचं रूप पालटून तो ठेवायला सुरुवात केली.

मीठ पडलं ते त्यानंतर. नोव्हेंबर 1979 मध्ये युनिक्सवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा पासवर्ड-सुरक्षेवरचा लेख छापून आला. नवा पासवर्ड घेताना संगणकाच्या घड्याळावरून 12 बिटांची एक संख्या उचलायची, ती पासवर्डाला जोडायची, मग सगळं डीईएस या कूटलेखन-पद्धतीच्या 25 फेऱ्यांतून काढायचं. त्या 12 बिटांचं नाव सॉल्ट. एकाच पासवर्डाची आता 4096 रूपं होऊ शकत. शब्दकोश आधीच रूपांतरित करून बसलेल्या चोराचं काम तितक्या पटीने वाढलं.

पण मीठच का? लेखात नाव येतं, कारण येत नाही.

इंग्रजीत निकामी खाणीत सोन्याचे कण पेरून गिऱ्हाईक फसवण्याला ‘सॉल्टिंग’ म्हणतात. पुष्कळांना हेच मूळ पटतं. मला नाही. ती फसवणूक लपून असते. इथे मीठ पासवर्डाच्या रूपाशेजारी उघडं लिहिलेलं असतं. दुसरं मत कार्थेजचं: रोमनांनी तिथल्या जमिनीत मीठ पेरलं, तसं इथे चोराचं पीक नापीक केलं. उपमा सुरेख आहे, पण कार्थेजच्या मिठाचा प्राचीन साधनांत मागमूस नाही. तिसरं मत टिकवण्याच्या मिठाचं. पण लोणच्याला मीठ सढळ हाताने लागतं, इथे फक्त 12 बिट.

माझं मत स्वयंपाकघराचं. मीठ चिमूटभर लागतं, एकदा विरघळलं की निवडून काढता येत नाही, आणि त्याच कृतीची भाजी दोन घरांत वेगळी लागते. रूपांतराला आज ‘हॅश’ म्हणतात, तोही मुळात बारीक चिरलेल्या मांसाचा पदार्थ. नंतर कुणी वेगळी, गुप्त ठेवायची संख्या मिसळली, तिला लोकांनी ‘पेपर’, म्हणजे मिरी, म्हटलं. माझ्या मताची लंगडी बाजू इतकीच की मिरी मागाहून आली आणि मॉरिस-थॉम्पसन स्वतः या क्रियेला एन्क्रिप्शन म्हणतात. तरीही माझा कौल चिमटीलाच. मराठीत मिठाची गुळणी धरणं म्हणजे तोंड न उघडणं. गुपित राखण्याच्या या कामाला याहून नेमका वाक्प्रचार मला सापडलेला नाही.

आता हे मीठ सर्व्हरवरून टर्मिनलच्या प्रोग्रामात कसं आलं? सर्व्हरला पासवर्ड फक्त ताडून पाहायचा असतो, म्हणून त्याला न उलटणारं रूप पुरतं. टर्मिनलला मात्र मूळ पासवर्ड समोर ठेवावा लागतो. म्हणजे तो उलटता येईल अशा कुलपात ठेवायचा. मग त्या कुलपाची किल्ली कुठे ठेवायची? पुट्टी या फेऱ्यात शिरतच नाही: जपलेल्या सेशनमध्ये पासवर्ड ठेवायची सोयच तिने दिलेली नाही. मला हा हट्ट अगदी योग्य वाटतो. त्याऐवजी ती लॉगिनची खाजगी किल्ली फाइलीत ठेवते, पासफ्रेजच्या, म्हणजे लांबलचक पासवर्डाच्या, कुलपात. 2021 च्या 0.75 आवृत्तीपासून पासफ्रेज आणि मीठ आर्गॉन2 या रूपांतर-पद्धतीतून घोटून त्या कुलपाची किल्ली तयार होते. पासफ्रेज कुठेच लिहिला जात नाही. मीठ लिहिलं जातं, आणि ते आता 128 बिटांचं असतं.

मी एकच किल्ली, एकाच पासफ्रेजने, लागोपाठ दोनदा जतन करून पाहिली. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. सार्वजनिक किल्लीच्या ओळी अक्षरशः त्याच होत्या. मिठाची ओळ वेगळी होती, आणि तिच्याखालची खाजगी किल्ली ओळखू येणार नाही इतकी बदललेली.