एकाच मंचावर गुरू आणि शिष्य

आमच्या मंडळाच्या संगीतवर्गाचा वार्षिक जलसा जवळ आला की कार्यकारिणीत एक जुना प्रश्न हटकून उपस्थित होतो. मुलांच्या कार्यक्रमात शिक्षकांनी गावे काय? पालक येतात ते आपापली मुले ऐकावयास. गुरुजींचा ख्याल सुरू झाला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात, असे एका पक्षाचे म्हणणे. अलीकडे या पक्षाला ध्वनिमुद्रित साथीचे बळ मिळाले आहे. यंत्र लावले की तबलजी नको आणि पेटीवालाही नको! प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि त्यातील काही धागे आम्ही राहतो त्या म्हैसूर मुलखातूनही गेलेले आहेत.

पूर्वी विद्या घरात, गुरूच्या मर्जीने चाले. शिष्याने चारचौघांत केव्हा गावे हे गुरूच ठरवी. या विद्येला शाळेचे रूप देणाऱ्या आरंभीच्या पुरुषांत मौलाबक्ष यांचे नाव घ्यावे लागते. म्हैसूर दरबारात त्यांचा सन्मान झाला होता व दाक्षिणात्य संगीताचा त्यांनी अभ्यास केला होता. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यास त्यांची गायनशाळा निघाली, आणि गाणे तासावर, वर्गात, लिहिलेल्या स्वरांवरून शिकविले जाऊ लागले.

दरबाराचा आधार नसताना अशी शाळा चालविण्याचे धाडस केले ते कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. १९०८ साली मुंबईस शाखा काढली. निवडक विद्यार्थ्यांना पदरी ठेवून, त्यांच्या अन्नवस्त्राची सोय करून, त्यांतून शिक्षक घडवावयाचे ही त्यांची योजना होती. या संसाराचा भार मुख्यतः जलशांवर होता. बुवा स्वतः गात आणि शिष्यांनाही समाजापुढे बसवीत. गवय्याची मुले म्हणून ज्यांना कोणी दारात उभे केले नसते, त्यांना सभ्य स्त्रीपुरुष तिकीट काढून ऐकू लागले. पुढे कर्जापायी मुंबईची वास्तू लिलावात गेली. शिष्य मात्र टिकले. १९३१ साली बुवा निवर्तल्यावर त्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले, आणि विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास स्वतंत्र विद्यालय काढले.

याच काळात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे आर्य संगीत विद्यालय पुण्यात व नंतर मुंबईत चालू होते. आम्हांस या शाळेविषयी विशेष ममत्व वाटते. शिष्य खाँसाहेबांच्या घरीच राहत, तेथेच जेवत. आणि त्या चुलीला सरपण पुरवीत ते मुख्यतः विद्यालयाचे जलसे. त्यात शिष्य गात आणि खाँसाहेबही गात. श्रोते अर्थातच खाँसाहेबांसाठी येत. पण खाँसाहेबांच्या आधी जो कोवळा गळा त्यांच्या कानी पडे, त्यालाही ते निमूटपणे ऐकून घेत. मूल मंचावर उभे राहू शके ते या ऋणावर. आमच्या वादात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

ही शाळा फार दिवस टिकली नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. परंतु त्या मुलांपैकी सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर या भावंडांचे पुढे नूतन संगीत विद्यालय निघाले, आणि तिकीट लावलेल्या सभेत खुर्चीवरच्या श्रोत्यांपुढे सन्मानाने गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाईंची गणना झाली.

खाँसाहेबांचे दक्षिणेत सतत येणेजाणे असे. म्हैसूर दरबारात त्यांना मान होता, आणि त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रिकेवर गाण्याइतका कर्नाटक संगीताचा संस्कार त्यांनी आपल्या गळ्यावर करून घेतला होता. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला. बंगलोरहून मद्रासला जाणारा लोहमार्ग आमच्या कृष्णराजपुरावरूनच जातो. रात्री गाडीची शीळ ऐकली की आमच्यातील काही वृद्धांना त्या शेवटच्या प्रवासाची आठवण होते.

१९४८ साली शेजारी दूरवाणीनगरात टेलिफोनचा सरकारी कारखाना निघाला आणि पुढे इतरही कारखाने आले. नोकरीच्या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत कन्नड व इंग्रजी मिळते. मराठी शब्द ताला-सुरात म्हणावयाची त्यांची जागा बहुधा हा वर्गच. तेथे त्यांच्यापुढे यंत्र ठेवावे की मागे तंबोरा धरलेले गुरुजी बसवावेत?

यंदा कार्यकारिणीने बहुमताने ठरविले आहे की सर्वांत लहान मुले प्रथम गातील, गुरुजी तंबोरा घेऊन त्यांच्या मागे बसतील आणि सर्वांत शेवटी स्वतः गातील. त्या वेळी खुर्च्या किती रिकाम्या होतात हे मोजण्याचे काम आम्ही विरोधी पक्षाकडेच सोपविले आहे.