पैसे आईच्या हाती

मराठवाड्यातल्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आज सरकारी पैसा दोन दारांनी येतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,०००च्या तीन हप्त्यांत, सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाच्या. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यात. पहिला पैसा जमिनीच्या नावाने येतो, म्हणून कृषी केंद्राच्या उधारीकडे वळतो. दुसऱ्यातून किराणा, वह्या, दवाखाना, भिशी. घर एकच, पण पैसा कोणाच्या हाती पडला यावर त्याची वाट ठरते. घरातल्या बायकांना हे कायमच ठाऊक होतं. सरकारी योजनेच्या आखणीत ते पक्कं कसं शिरलं, ही कुळकथा मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतली आहे.

त्याआधी रोख मदत नव्हतीच असं नाही. आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे, आणि गावोगावची म्हातारी माणसं तिला सरळ ‘पगार’ म्हणतात. पण तो पैसा ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी. ज्या घरात धडधाकट नवरा-बायको राबतात, तरीही पुरत नाही, त्या घराला काय द्यायचं याची उत्तरं ठरलेली होती: रेशन, रोजगार हमीचं काम, घरकुल. रोकड नको, कारण ती दारूत जाईल. ही भीती एकट्या महाराष्ट्राची नव्हती.

१९९४च्या डिसेंबरात मेक्सिकोचं चलन, पेसो, कोसळलं. पुढच्या वर्षी देशाचं उत्पन्न सहा टक्क्यांच्या आसपास घटलं आणि तिजोरीत खडखडाट झाला. तोपर्यंत गरिबांसाठीचा मोठा खर्च अन्नाच्या सबसिडीवर होत असे, त्यात तोर्तियाची सबसिडी ठळक. तोर्तिया म्हणजे तिथली मक्याची पातळ भाकरी. शहरात ती दुकानात मशीनवर भाजून किलोच्या भावाने विकतात, आणि सवलत होती ती या विकतच्या तोर्तियावर. खेड्यातली बाई मात्र मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, वाटते, आणि स्वतः थापून तव्यावर टाकते. ती तोर्तिया विकत घेतच नव्हती. देशातली सगळ्यांत गरीब माणसं खेड्यात, आणि त्यांच्या नावाने निघालेला पैसा शहरातल्या दुकानात संपत होता.

अर्थखात्याचे उपमंत्री सांतियागो लेव्ही यांनी हे आकडे मांडले. त्यांच्या जोडीला होते लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेझ दे लेओन. दोघांचं म्हणणं असं, की सवलती बंद कराव्यात आणि तोच पैसा गरीब घरांना रोख द्यावा. त्याबदल्यात मुलं शाळेत आणि दवाखान्यात जाताहेत एवढं पाहावं. सरकारातच अनेकांना हे पटत नव्हतं. म्हणून १९९५ मध्ये काम्पेचे राज्यात छोटा प्रयोग झाला: दूध-तोर्तियाच्या सवलतीऐवजी कार्डावर पैसे. तो चालला. ऑगस्ट १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्टो झेदियो यांच्या सरकारने ‘प्रोग्रेसा’ ही योजना सुरू केली, आणि सुरुवात शहरात न करता खेड्यांत केली.

त्याच खेड्यांत ‘प्रोकाम्पो’ नावाची दुसरी योजना आधीच होती. उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारामुळे स्वस्त मका येणार म्हणून शेतकऱ्याला हेक्टरी रोख रक्कम मिळे, अर्थातच जमीन कसणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा पुरुषाच्या नावावर. प्रोग्रेसाने मुद्दाम उलटं केलं. लाभार्थी म्हणून घरातल्या आईचंच नाव घातलं. रक्कम सरासरीने घरखर्चाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. तिसरीपासून पुढे मुलाची इयत्ता वाढेल तशी शिष्यवृत्ती वाढे, कारण वय वाढतं तसं त्याची मजुरीही वाढते आणि त्याला शाळेतून काढण्याचा मोहही. माध्यमिक शाळेत मुलींची गळती जास्त, म्हणून तिथे मुलीला मुलापेक्षा थोडे जास्त पैसे. हे एक कलम मला फार मोलाचं वाटतं. एरवी मुलीच्या शिक्षणाबद्दल भाषणं होतात. इथे तिची हजेरी घराला भावाच्या हजेरीपेक्षा जास्त पैसे मिळवून देत होती.

पैसे दर दोन महिन्यांनी येत. तार खात्याची माणसं रोकड घेऊन मोठ्या गावात टेबल मांडत. आसपासच्या वाड्यांवरच्या बायका डोंगर उतरून येत, काही कित्येक तास चालून. ओळखपत्र दाखवायचं, यादीत नाव शोधायचं, सही किंवा अंगठा, आणि नोटा हातात. त्या दिवशी तिथेच बाजारही भरे. ज्या बाईच्या हातात एरवी नवरा देईल तेवढेच पैसे येत, ती यादीतल्या स्वतःच्या नावावर पैसे घेऊन शेजारच्या पालावर मुलाच्या पायाला चप्पल लावून बघे.

या योजनेचं खरं वेगळेपण मात्र तिच्या मोजणीत आहे. सात राज्यांतली ५०६ गावं निवडली. त्यांतल्या ३२० गावांत पैसे लगेच सुरू केले, १८६ गावांत साधारण दीड वर्षाने. कोणतं गाव कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दोन्हीकडच्या मिळून सुमारे २४,००० घरांत पुन्हा पुन्हा जाऊन खाणं, आजारपण, शाळा, मजुरी यांची नोंद घेतली. थांबायला लागलेल्या गावांवर हा अन्याय होता का? सगळीकडे एकदम द्यायला पैसा नव्हताच. कोणीतरी थांबणार होतं. निदान त्या थांबण्याचा उपयोग तरी झाला.

दिसलं ते असं. जेवणात मांस आणि भाज्या वाढल्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं आजारपण १२ टक्क्यांनी घटलं, लहानग्यांची उंची बरोबरीच्या मुलांपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने जास्त भरली. प्राथमिकनंतर पुढे शिकणाऱ्या मुली वाढल्या. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. पुढच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती कोणी सांगितलेली नव्हती: दर पेसोतला साधारण चौथा हिस्सा घरांनी खर्चलाच नाही, गुंतवला. जनावरं घेतली, शेतीत घातला, छोटे धंदे काढले. दीड वर्षात त्यांचं शेतीचं उत्पन्न जवळपास दहा टक्क्यांनी वाढलेलं होतं. ठरल्या दिवशी पैसे येणार ही खात्री असेल तर गरीब माणूस धोका पत्करतो. खात्री नसेल तर आलेला प्रत्येक पैसा अडीनडीसाठी राखून ठेवावा लागतो. शिवाय त्याच गावांतल्या ज्या घरांना योजना लागू नव्हती, त्यांचंही खाणं वाढलं, कारण उसनवारीला आता शेजारी होता.

जाच झाला तो बायकांनाच. शाळेतली हजेरी ८५ टक्क्यांखाली गेली की पैसे कापले जात. आरोग्याच्या बैठकीला जायचं ते आईने. बापाला कोणी बोलावत नसे. गावातल्या बायकांमधून निवडलेली प्रवर्तक बिनपगारी राबे. काही ठिकाणी दवाखाना नि शाळा झाडण्याचं कामही त्यांच्या माथी आलं. लहान मुलांसाठी पूरक आहाराची पाकिटं मिळत, तीही आपल्या अंगणवाडीच्या पाकिटांसारखी सगळ्या भावंडांत वाटली जात. आईवर विश्वास ठेवणारी योजना तिच्यावरच पहारा बसवत होती, हे मला तिचं मोठं व्यंग वाटतं.

२००० साली झेदियोंच्या पक्षाची ७१ वर्षांची सत्ता गेली. मेक्सिकोत नवा राष्ट्राध्यक्ष आधीच्याची योजना मोडतो, असा शिरस्ता होता. पण व्हिसेंते फॉक्स यांच्यापुढे आकडे होते, आणि तोवर योजना सुमारे २६ लाख खेडूत कुटुंबांत पोचली होती. त्यांनी ती राखली, २००२ मध्ये ‘ओपोर्तुनिदादेस’ या नावाने शहरांतही नेली. २०१४ मध्ये ती ‘प्रोस्पेरा’ झाली. २०१९ मध्ये लोपेझ ओब्राडोर यांच्या सरकारने ती बंद केली. दरम्यान ब्राझीलमध्ये १९९५ पासून शहरपातळीवर उगवलेल्या अशाच योजनांमधून २००३ मध्ये ‘बोल्सा फामीलिया’ उभी राहिली होती, आणि तिथेही पैसे प्रामुख्याने बाईच्याच नावाने येत.

आपल्याकडे २०११-१२ मध्ये ‘सेवा’ संस्थेने इंदूरजवळच्या आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिन्याला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, मुलाला त्याच्या निम्मे, कोणतीही अट न घालता दिले. तिथेही मुलांची वजनं सुधारली, जनावरं आली, आणि लोक मजुरीपेक्षा स्वतःच्या रानात जास्त राबू लागले. १ जानेवारी २०१३ला केंद्राने थेट खात्यात पैसे देणं सुरू केलं. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहना योजना आली, जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण.

प्रोग्रेसाचा वारसा आपल्याकडे अर्धा आला. पैसा बाईच्या नावावर आला. शाळा-दवाखान्याच्या अटी आल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. केवायसी आणि आधार जोडणीच्या खेपा आहेतच. मोजणी मात्र आली नाही. राज्यभर एकदम सुरू झाल्यामुळे तुलनेला गावच उरलं नाही. तरी वाट आहे. योजनेला वयाची हद्द आहे, २१ ते ६५. वीस वर्षांची सून आणि बावीस वर्षांची सून, चौसष्टीतली सासू आणि सहासष्टीतली, अशी घरं प्रत्येक तालुक्यात शेजारीशेजारी सापडतील. त्यांच्या डब्यातलं धान्य, मुलांची वजनं, दुकानाची उधारी आणि गोठ्यातल्या शेळ्या यांची नोंद एखाद्या कृषी विद्यापीठाला या हंगामापासूनही घेता येईल.